आत्यांनी अळ्या चाळल्या

"सायेब, हिच्या मागची पिसं कुणी नेली?"

लीलाताईंनी कोंबडी उलटी करून माझ्या नाकासमोर धरली. मागचा भाग साफ. गुलाबी.

"ताई, आधी तिला सरळ धरा. लाजतीये ती."

"लाजतीये काय! सगळ्याच अशा झाल्यात. आत जाऊन बघा."

आत गेलो. शेडमधल्या निम्म्याअधिक कोंबड्या मागून टकल्या. एक पुढं चालली होती, दुसरी तिच्या मागं मागं, शेवटच्या पिसावर नेम धरून. टोच! पुढची किंचाळत उडाली. मागचीनं पीस गिळलं आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं भिंतीकडं बघायला लागली. आमच्या हापिसात पण असा एक जण आहे, पण ते जाऊ द्या.

मी शिरूर पंचायत समितीचा पोल्ट्री सुपरवायझर. मूळचा दौंडचा. शाळाही तिथलीच. शाळेत अभ्यास कमी आणि नकला जास्त केल्या. हेडमास्तर, स्टेशनावरचा चहावाला, मालगाडीचं इंजिन, सगळं तोंडानं काढायचो. नोकरी लागल्यावर त्यात कोंबड्यांची भर पडली. न्हावऱ्यात, म्हणजे लीलाताईंच्या गावात, माझं नावच कोंबडीसायेब. समोर म्हणायचे, मागं म्हणायचे, मला दोन्हीकडून चालायचं.

आता हा पिसांचा प्रकार काय, ते सांगतो. हा रोग नाही. कोंबडीला अंगावर पीस आणायला आणि पोटात अंडं धरायला प्रोटीन लागतं. पीस म्हणजे बरंचसं प्रोटीनच. फीडमधून ते मिळेना की ती शेजारणीच्या अंगावरून उचलते. एवढ्यावर थांबलं तर ठीक. पण एकदा रक्त दिसलं की सगळ्या मिळून त्या एकीवर तुटून पडतात, आणि सकाळी ती मेलेली सापडते.

फीड म्हणजे भरडलेला मका, ज्वारी, कोंडा, शेंगदाण्याची पेंड आणि मासळीचा भुगा. यातला भुगा सगळ्यात कामाचा. दुष्काळ नुकताच सरला होता. पेंड जेमतेम मिळायची, आणि मासळीचा भुगा तर गोदामात येईचना. सप्लायरला विचारलं की तो म्हणायचा, "वॅगन निघालीये." मी दौंडचा माणूस. वॅगन निघाली म्हणजे काय, हे मला कुणी सांगू नये. आमच्याकडं निघालेल्या वॅगनींवर गवत उगवलेलं मी पाहिलंय.

लीलाताईंचं युनिट, म्हणजे सरकारी योजनेतल्या कोंबड्या आणि शेड, हे न्हावऱ्यातलं पहिलंच. बौद्ध आळीत, अगदी टोकाला. नवरा रेल्वेत गँगमन, ड्यूटी दौंडला, घरी यायचा तो रविवारी. शेडच्या मातीच्या भिंती ताईंनी स्वतः घातलेल्या. त्यांचं बघून आळीतल्या आणखी काही बायांनी अर्ज केले होते. पण साहेबांनी सांगून ठेवलं होतं, पहिलं युनिट चाललं तरच पुढची मंजुरी. नाही चाललं तर पाखरं उचलायची आणि दुसऱ्या गावाला द्यायची.

ताई कधी रडगाणं गायच्या नाहीत. त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "माझं गेलं तर गेलं. पर त्या बाया मला रोज पाण्यावर भेटनार हायेत."

साहेब म्हणजे पाठारे साहेब, हापिसातले माझे वरिष्ठ. माणूस वाईट नव्हता. फक्त बोलायच्या आधी दोनदा घसा साफ करायचे, मग "हे काय, हे काय" म्हणायचे, आणि मग जवळची कुठलीही वस्तू बोटानं पुसून बोट बघायचे. धूळ निघाली की खूष. नाही निघाली की दुसरी वस्तू पुसायचे.

मी शिरूरला जाऊन सांगितलं, "साहेब, मासळीचा भुगा नाही. पाखरं एकमेकींची पिसं खातायत."

"हँ-हँ. हे काय, हे काय. हे कारण झालं. उपाय सांग."

"शोधतो साहेब."

"शोध. उन्हाळ्यात व्हिजिटला येतो. पाखरं बोडकी दिसली तर युनिट उचलणार." आणि माझ्या खुर्चीच्या पाठीवरून बोट फिरवून बघितलं.

उपाय मला एसटीत आठवला. पुण्याला ट्रेनिंगला असताना एका सरांनी जाता जाता सांगितलं होतं, की परदेशात लोक पिठातल्या अळ्या घरी वाढवतात आणि कोंबड्यांना घालतात. इंग्रजीत मीलवर्म म्हणतात. सगळा वर्ग हसला होता. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो होतो, म्हणून तर लक्षात राहिलं.

ही अळी म्हणजे काय? एक काळा, चपटा, चकचकीत किडा असतो. पिठाच्या गिरणीत, गोदामात, जिथं कोंडा साठून राहतो तिथं हा अंडी घालतो. अंड्यातून अळी निघते, पिवळसर, कडक, शेवईच्या तुकड्यासारखी. ती कोंडा खात मोठी होते, मग कोषात जाते, मग पुन्हा किडा. चावत नाही, घाण वास नाही. आणि अंगात प्रोटीन भरपूर. फिरतं मासळीचं दुकानच म्हणा.

आता बियाणं कुठनं आणायचं? न्हावऱ्यात गिरणी एकच, नानांची. नाना अंगानं जाड, आवाजानं बारीक, आणि बारा महिने भुवयांवर पीठ. मी गेलो आणि विचारलं, "नाना, जात्याखालचं सगळं झाडून काढू का?"

नानांनी मला वरून खालपर्यंत बघितलं. "सरकारनं आता हे पन काम काढलं का?"

"नाही, कोंबड्यांसाठी पाहिजे."

"मग काढ की. कोपरे पन काढ. आन् जाताना दारातलं बी झाड."

वर्षानुवर्षं त्या जात्याखाली कुणी हात घातला नसावा. पिठाचे थरावर थर. तिसऱ्या थराला हात लावला आणि सगळं वळवळायला लागलं. नाना कंबरेवर हात ठेवून बघत होते. "आरं, हे तर गोकुळ हाय!" म्हणाले. मी पत्र्याचा डबा भरून घेतला. निघताना नाना म्हणाले, "पुढच्या महिन्यात बी ये. हितं तुझंच राज्य."

पाळायची पद्धत सोपी आहे. तेलाचे रिकामे डबे घ्यायचे, वरचा पत्रा कापायचा. आत वीतभर गव्हाचा कोंडा. त्यात किडे आणि अळ्या सोडायच्या. पाणी द्यायचं नाही, कोंड्याला बुरशी येते. त्याऐवजी बटाट्याची नाहीतर भोपळ्याची फोड ठेवायची, ती कुरतडून त्यांची तहान भागते. वरून गोणपाट. पत्रा गुळगुळीत, त्यामुळं आतल्या आत राहतात, वर चढता येत नाही. मुंग्या येऊ नयेत म्हणून डबे पाण्यानं भरलेल्या परातींमध्ये विटांवर मांडायचे. झालं.

खरी अडचण होती आत्यांची.

आत्या म्हणजे लीलाताईंच्या सासू. अख्खी आळी त्यांना आत्याच म्हणायची. आत्यांच्या हातात सूप नसलं तर समजायचं बाई आजारी आहे. दिवसभर काहीतरी पाखडायच्या, चाळायच्या, त्याला ऊन दाखवायच्या. ज्वारीत एक टोका किडा निघाला तर पोतं अंगणात रिकामं. त्यांच्या घरच्या पिठात किडा सापडला असं कुणी म्हटलं असतं तर कोर्टकचेरी झाली असती.

"काय हाय त्या डब्यात?"

"अळ्या आहेत आत्या."

"कुनी घातल्या?"

"मीच."

आत्यांनी ताईंकडं बघितलं. "लीले, ह्याला पानी दे. ऊन लागलंय पोराला."

मी सगळं समजावलं. प्रोटीन, पिसं, मासळी. आत्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजी लोक किडं घालवाया मरत्यात, आन् तू बियानं लावतोस."

"कोंबड्यांचा खाऊ आहे हो तो."

"गोठ्यात ठेव. म्हशीच्या पल्याड. माझ्या चुलीच्या अंगाला एक बी दिसला तर तुला त्यात बुडवीन."

डबे गोठ्यात गेले. थंडी सरली, कोंडा उबदार झाला, आणि गोकुळ वाढलं. पहिल्यांदा मूठभर अळ्या काढून शेडमध्ये टाकल्या तेव्हा मात्र वेगळीच गंमत झाली. कोंबड्या भिंतीला चिकटून उभ्या! एक पण पुढं येईना. कारण ही पाखरं अंडी उबवायच्या मशीनमधून निघालेली. आई बघितलेली नाही. अळी खायची असते हे सांगणारं कुणी नव्हतंच.

मग मीच आई झालो. उकिडवा बसलो, एक बोट चोचीसारखं जमिनीवर आपटलं आणि कोंबडी पिल्लांना बोलावते तसा आवाज काढला, "टुक-टुक-टुक-टुक". दोन माना वर झाल्या. पुन्हा काढला. एक धीट कोंबडी आली, तिनं अळी उचलली, थांबली, गिळली, आणि मग तिचा चेहरा असा झाला की बास. पाठोपाठ सगळ्या. माझ्या अंगावरून गेल्या.

दारातून आत्या म्हणाल्या, "नोकरी गेली तरी तुला काळजी न्हाई बघ."

तेव्हापासून रोज संध्याकाळी मूठभर. खरं सांगायचं तर मूठभर अळ्यांनी सगळ्या कोंबड्यांचं पोट भरत नाही, मुख्य खाणं फीडचंच. पण प्रोटीनची जी कमतरता होती तिला टेका मिळाला. शिवाय जमिनीवरच्या भुशात अळ्या शोधत बसायचं काम लागलं, त्यामुळं एकमेकींच्या मागं लागायला वेळ उरला नाही. हळूहळू टकलांवर काड्यांसारखे कोंब दिसायला लागले. ताई रोज कोंबडी उलटी करून बघायच्या. "हिला बी आलं! हिला बी!"

सगळं छान चाललं होतं. पण आत्या पाण्यावर, देवळापाशी, एसटी स्टँडवर, जिथं जातील तिथं एकच सांगायच्या, "ते किडं आमचं न्हाईत बरं का. नानाच्या गिरनीतलं हायेत. आमच्या घरात किडं होत न्हाईत."

व्हायचं ते झालं. लोक दळण घेऊन शेजारच्या गावाला जायला लागले. नानांना बघितलं की पोरं ओरडायची, "नाना, खाऊ आला का?" शेवटी नाना एसटी पकडून शिरूरला गेले आणि साहेबांसमोर तक्रार केली. टोकाच्या घरात किडे पाळतात, गावभर सोडतात, आता गावाचं धान्य संपलं म्हणून समजा. युनिट उचला.

साहेबांनी मला बोलावलं. "हँ-हँ. हे काय, हे काय. मी तुला कोंबड्या सांभाळायला ठेवलंय का किडे?"

"साहेब, तुम्ही उपाय सांग म्हणालात..."

"सोमवारी येतो. घाण दिसली तर तिथल्या तिथं निकाल."

मी तसाच न्हावऱ्याला गेलो. ताई आणि आत्या अंगणातच होत्या. साहेब काय म्हणाले ते नुसतं सांगायला काय हरकत होती? पण माझी जीभ तशी नाही. मी घसा साफ केला, हे काय हे काय केलं, आत्यांच्या सुपावरून बोट फिरवलं, डोळ्यासमोर धरलं आणि म्हटलं, "घाण दिसली तर तिथल्या तिथं निकाल!"

ताई हसून हसून खाली बसल्या. आत्या हसल्या नाहीत. त्या माझ्या बोटाकडं बघत राहिल्या.

मी म्हटलं, "घाबरू नका. डबे उघडून दाखवू, पिसं दाखवू. साहेबांना पटेल."

सोमवारी मी जीपमधनं साहेबांबरोबरच गेलो. नानांना वाटेत घेतलं. ते मागं बसले. माझ्याशी बोलेनात. घरापाशी उतरलो.

अंगण सारवलेलं. त्यावर रांगोळी. आणि कुंपणाच्या कडेला माझे डबे, राखेनं घासलेले, पालथे, उन्हात चमकत होते.

ताई दारात उभ्या, तोंड पांढरं. हळूच म्हणाल्या, "ह्या रविवारी ह्यांना सुट्टी न्हवती, म्हनून मीच दौंडला गेल्ते काल. आत्ता आले."

आत्या पदर खोचून पुढं आल्या. "या सायेब, जय भीम. बसा. बोट फिरवा कुठं बी."

साहेब गोंधळले. "हँ-हँ. हे काय, हे काय..."

"अगं बया!" आत्या ताईंकडं वळल्या. "हे तर हुबेहूब त्याच्यासारखंच बोलत्यात!"

"कुणासारखं?" साहेब म्हणाले.

मी जीपच्या टायरकडं बघायला लागलो. हवा बरोबर होती.

नशीब, तेवढ्यात नाना मध्ये घुसले. "सायेब, गोठ्यात बघा. म्हशीच्या पल्याड डबे हायेत, त्यात किडं हायेत."

साहेब गोठ्यात गेले. म्हैस होती. पलीकडं झाडलेली जमीन होती. मग आत्यांनी त्यांना घरात नेलं आणि एकेक डबा उघडून दाखवला. ज्वारीचं पीठ. बाजरीचं पीठ. तूरडाळ. हरभरा. तिखट. साहेबांनी प्रत्येकात डोकावलं, फळी पुसली, बोट बघितलं. पुन्हा पुसली. काहीच निघेना. मी त्यांना इतकं उदास कधी बघितलं नव्हतं.

"तुमची तक्रार खोटी आहे," साहेब नानांना म्हणाले.

"खोटी कशी? मी ह्या डोळ्यांनी बघितल्यात! काळा किडा, चपटा, असा चकचकीत. आन् अळ्या पिवळ्या, शेवयावानी. तिसऱ्या थराला तर नुसतं वळवळत होतं!"

"तिसऱ्या थराला म्हणजे? कसला थर?"

नाना भुवयांवरचं पीठ झटकायला लागले.

आत्या म्हणाल्या, "जात्याखालचा थर, दुसरा कसला? त्याच्याच गिरनीतनं आनलं की ह्या पोरानं. वर दार बी झाडून घेतलं त्याच्याकडनं."

साहेब नानांकडं बघत राहिले. "जाताना तुमची गिरणी बघू आपण."

तिथंच गप्प बसलो असतो तर सुटलो असतो. पण ताई अजून दारात तशाच उभ्या होत्या. उरलेली पिसं यायची होती, मासळीची वॅगन अजून निघतच होती, आणि माझं सगळं बियाणं गेलं होतं. मी साहेबांना म्हटलं, "साहेब, किडे होते. मीच पाळले होते. पाखरं बघा, मग काय ते ठरवा."

शेडमध्ये नेलं. ताईंनी कोंबडी उचलून उलटी केली. साहेबांनी वाकून बघितलं. बोट फिरवलं, यावेळी पिसांवर.

"ही तीच पाखरं?"

"तीच. थंडीत बोडकी होती."

"आणि हे अळ्यांनी?"

"अळ्यांनी टेका दिला. बाकी फीड."

साहेबांनी आणखी एक पीस पुसून बघितलं. मग म्हणाले, "दाखव मला अळ्या."

मी आत्यांकडं बघितलं. "आत्या, कुठं टाकल्या हो?"

"टाकल्या? मी काय टाकनारी बाई हाय? कोंबड्यांसाठी होत्या न्हवं? कोंबड्यांना घातल्या. कोंडा चाळला, वरचं सगळं शेडात वतलं. काल पोटाला तड लागस्तवर खाल्लं त्यांनी."

"आणि चाळणीखालचा कोंडा?"

"तो बी टाकीन व्हय? म्हशीच्या आंबोनाला ठेवलाय. रांजनात."

म्हशीला पेंड-कोंडा भिजवून देतात ते आंबोण. मी पळत गोठ्यात. रांजणावरचं फडकं काढलं. वरून नुसता बारीक कोंडा. थोडं थांबलो. मग एका ठिकाणी कोंडा हलला. मग दुसऱ्या ठिकाणी. मग सगळीकडं, तांदूळ शिजायला लागावा तसा. मोठ्या अळ्या चाळणीवर राहिल्या होत्या, पण बारीक पिल्लं आणि अंडी कोंड्याबरोबर खाली पडली होती. आत्यांनी काही न फेकता जपून ठेवली होती, म्हशीसाठी.

साहेब, नाना, ताई, सगळे वाकून बघायला लागले.

"हँ-हँ," साहेब म्हणाले. पुढचं हे काय आलंच नाही. त्यांनी रांजणात बोट घातलं, बाहेर काढलं. बोटावर एक केसाएवढी अळी वळवळत होती. एवढ्या वर्षांत त्यांच्या बोटाला पहिल्यांदा मनासारखं काहीतरी लागलं होतं. "राहू दे युनिट इथंच. आणि त्या बायांचे अर्ज वर पाठव."

ताईंनी हातातली कोंबडी खाली सोडली. सरळ सोडली, पायांवर. मग पदराचं टोक तोंडाला लावून आत पाणी आणायला गेल्या, ते बराच वेळ बाहेरच आल्या नाहीत.

आत्या म्हणाल्या, "मंग म्हशीला काय घालू आता?"

"माझ्याकडनं कोंडा घेऊन जा," नाना म्हणाले. बारीक आवाजात, रांजणाकडंच बघत. "गिरनी आजच झाडून काढतो सगळी. निघंल त्ये बी तुमच्याकडं पाठवतो. पर आत्या, स्टँडवर सांगायचं बंद करा."

आत्यांनी बंद केलं. स्टँडवर आता त्या साहेबांच्या बोटाची गोष्ट सांगायच्या.

परत येताना नानांना गिरणीपाशी उतरवलं. पुढं रस्ता रिकामा होता, ऐकायला ड्रायव्हर तेवढा. साहेब म्हणाले, "ती म्हातारी काय म्हणत होती? कुणासारखं बोलतो मी?"

मी बाहेरचे मैलाचे दगड मोजायला लागलो.

"करून दाखव."

"राहू द्या साहेब."

"हुकूम आहे."

करून दाखवलं. घसा, हे काय हे काय, बोट, सगळं. ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली, त्याला पुढचं दिसेना. साहेबांनी शेवटपर्यंत बघितलं. मग दोनदा घसा साफ केला.

"हे काय, हे काय. मी असं अजिबात करत नाही." आणि डॅशबोर्डवरून बोट फिरवलं.

पुढं आळीतल्या बायांना युनिटं मिळाली. लीलाताईंनी प्रत्येकीला रांजणातला ओंजळभर कोंडा दिला, विरजण देतात तसा. अळ्या पाळायच्या असतील तर माझा सल्ला एवढाच: कोंडा कोरडा ठेवा, मुंग्या लांब ठेवा, आणि साहेब येणार असल्याची बातमी घरातल्या म्हाताऱ्या बाईला सांगू नका. सांगायचीच असेल तर नक्कल न करता सांगा.